कॅलरीचा हिशोब आणि जेवणारं मन



या वेळचा विषय रोजच्या ताटातला आहे. गेले काही महिने आपल्या कुटुंब-गटांवर सकाळच्या सुविचारापाठोपाठ पावलांचे आकडे येतात, वजनकाट्याचे फोटो येतात आणि आताशा जेवणाच्या ताटाखाली कॅलरीही लिहून येतात. ‘आज १२८०.’ त्याखाली चार अंगठे आणि दोन जोडलेले हात. मागच्या एका गुरुवारी एका काकूंनी विचारलं, “हे मोजणं चांगलं की वाईट, ते एकदा नीट सांगा. आमची नात घास उचलायच्या आधी फोन उचलते.” नुसतं मत देण्यापेक्षा थोडा अभ्यास करू, असं आम्ही हैदराबादच्या वर्गातल्या सहा जणींनी ठरवलं. आमच्यात एक निवृत्त विज्ञान-शिक्षिका आहेत, एकीची सून आहारतज्ज्ञ आहे, बाकीच्या आम्ही तीस-तीस वर्षं पोळ्या लाटणाऱ्या. वाचलं, विचारलं, आणि पंधरा दिवस ओट्यावर काटा ठेवून मोजूनही पाहिलं. जे हाती आलं ते इथे मांडतो आहोत.

आधी कॅलरी म्हणजे काय ते. एक किलो पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला जेवढी उष्णता लागते, तिला आपण खाण्यापिण्याच्या बोलण्यात एक कॅलरी म्हणतो. पुस्तकांत तिलाच किलोकॅलरी म्हणतात. दुधाला लिटर, कापडाला मीटर, तसं हे उष्णतेचं माप. अमेरिकेतल्या विल्बर अ‍ॅटवॉटर या रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणूस आत राहू शकेल अशी बंद खोली तयार करून, अन्नातून शरीराला किती ऊर्जा मिळते याची मोजमापं केली. आज पाकिटांवर छापलेले आकडे बहुतेक त्याच्याच हिशोबाने येतात. एक ग्रॅम कर्बोदकांमागे ४, प्रथिनांमागे ४ आणि तेला-तुपामागे ९. फोनमधलं अ‍ॅपसुद्धा आत हीच बेरीज करतं.

इथपर्यंत सगळं प्रयोगशाळेत होतं. ते घराघरांत आणलं लुलू हंट पीटर्स या कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरबाईंनी. १९१८ साली त्यांचं आहारावरचं पुस्तक निघालं आणि प्रचंड खपलं. त्यांचं सांगणं असं की बायकांनी यापुढे पावाचा तुकडा खाल्ला असं म्हणायचं नाही, शंभर कॅलरी पाव खाल्ला असं म्हणायचं. तेव्हा पहिलं महायुद्ध चाललं होतं, धान्य वाचवणं हे देशकर्तव्य मानलं जात होतं, त्यामुळे अंगावर चरबी बाळगणं म्हणजे जणू देशाचं धान्य साठवून ठेवणं, असाही सूर त्या लिखाणात होता. आम्हाला ही गोष्ट महत्त्वाची वाटली. उष्णतेचं एक साधं माप बायकांच्या हातात आलं तेच मुळी थोडी लाज आणि थोडी शरम सोबत घेऊन.

गंमत अशी की त्याच १९१८ साली आपल्याकडे तामिळनाडूतल्या कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी बेरीबेरी या रोगाच्या शोधासाठी एक छोटं केंद्र सुरू केलं. पुरेसं आणि नीट अन्न न मिळाल्याने माणसं कशी आजारी पडतात, हा त्यांचा प्रश्न होता. तेच केंद्र वाढत वाढत १९५८ मध्ये आमच्या हैदराबादला आलं आणि आज तारनाक्याला राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून उभं आहे. उस्मानिया विद्यापीठाच्या बाजूने जाताना आपल्यापैकी कितीतरी जणांनी ती पाटी पाहिली असेल. या संस्थेने २०१७ साली ५२८ भारतीय खाद्यपदार्थांतल्या घटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. २०२० च्या त्यांच्या शिफारशींत, बैठं काम करणाऱ्या ५५ किलो वजनाच्या बाईला दिवसाला साधारण १६६० कॅलरी लागतात आणि मध्यम कष्टाचं काम असेल तर २१३०, असं दिलं आहे. हे दोन आकडे लक्षात ठेवा. कारण वजन लवकर उतरवायचं आहे असं सांगितलं की बरीच अ‍ॅप बायकांना १२०० च्या आसपास आणून बसवतात. दोन मजले चढून धुणं वाळत घालणारी, भाजी आणणारी, सासूबाईंना उठवून बसवणारी बाई अ‍ॅपच्या लेखी ‘बैठं काम’ करते, हे वेगळंच.

आता काट्याची गोष्ट. पहिल्या दिवशी आम्ही कणकेचे गोळे मोजले. एकाच हाताचे, एकाच परातीतले, तरी कुठे ३५ ग्रॅम, कुठे ४५. दुसऱ्या घरच्या पोळीचा गोळा ६० चा निघाला, कारण त्यांच्याकडे नांदेडची पद्धत, पोळी घडीची आणि दणकट. ४० ग्रॅमच्या गोळ्यात पीठ असतं साधारण २५ ग्रॅम, म्हणजे ८० कॅलरी. ६० ग्रॅमच्या गोळ्यात १२०. दोन्हीची अ‍ॅपमधली नोंद ‘एक पोळी’. वर तूप लावलं तर चहाच्या चमच्याला ४० कॅलरी आणखी, आणि तूप लावणाऱ्या हाताला कोण मोजणार? वरणाचं तर विचारूच नका. पाच माणसांचं आंबट वरण एका पातेल्यात, वरची फोडणी ज्याने आधी वाढून घेतलं त्याच्या वाटीत. तळातलं घट्ट शेवटी जेवणाऱ्या बाईला. एका पातेल्यातून जेवणाऱ्या घराला हे यंत्र नीट लागू पडत नाही, ते पाकिटातून एकट्याने खाणाऱ्यासाठी बनलेलं आहे, असं आमचं मत झालं.

पाकिटातलं तरी अचूक असतं का? २०१२ साली अमेरिकेच्या कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी बदामांवर प्रयोग केला. मूठभर म्हणजे २८ ग्रॅम बदामांत १७० च्या आसपास कॅलरी आहेत असं समजलं जात होतं. शरीराला प्रत्यक्षात मिळाल्या सुमारे १२९. बदामाच्या कठीण पेशींत काही स्निग्धांश तसाच अडकून राहतो आणि न पचता बाहेर जातो. एवढ्या साध्या पदार्थात एवढा फरक, तर आपल्या भरल्या वांग्यात किती असेल याचा अंदाज करा. आकडा दशकापर्यंत छापलेला दिसतो म्हणून तो तितका खरा वाटतो, एवढंच.

पण आकडा चुकतो ही आमच्या लेखी लहान गोष्ट. आकडा आल्यावर खाणाऱ्याच्या मनात काय बदलतं, हा काकूंचा खरा प्रश्न होता, आणि तो बदल आम्हा सहा जणींमध्ये चौथ्या-पाचव्या दिवसापासूनच दिसू लागला.

पहिला बदल हा की जे मोजता येतं ते बरं वाटू लागलं. एका ताईंनी संध्याकाळी ज्वारीचं धपाटं सोडून दोन बिस्किटं खाल्ली. का, तर बिस्किटाच्या पाकिटावर आकडा छापलेला होता आणि धपाट्यात काय काय पडलं होतं ते लिहीत बसायला वीस मिनिटं लागली असती. पोषणाच्या दृष्टीने धपाटं कितीतरी चांगलं, हे त्यांनाही माहीत. पण हिशोबाची वही पूर्ण राहावी, ही ओढ मोठी ठरली. दुसरा बदल आणखी बारीक आहे. रात्री साडेनऊला एकीच्या फोनवर ‘१८० शिल्लक’ असं दिसलं. पोट भरलेलं होतं. तरी त्या उठून फ्रिज उघडायला गेल्या, कारण शिल्लक वाया जाईल. उलट दुसरीला दुपारी चारला खरोखर भूक लागलेली, पण शिल्लक नव्हती, म्हणून पाणी पिऊन बसली. म्हणजे भूक लागली का, पोट भरलं का, हे पोटाला विचारायचं सोडून आम्ही फोनला विचारू लागलो होतो. लहान बाळाला हे कुणी शिकवत नाही. पोट भरलं की ते तोंड फिरवतं. आयुष्यभर जपायची ही जाण पंधरा दिवसांत एवढी मागे पडू शकते, याचं आम्हाला आश्चर्य वाटलं.

तिसरा बदल सगळ्यांच्या ओळखीचा. एकदा आकडा ओलांडला की ‘आता गेलंच आहे, तर खाऊन घेऊ’. बुडत्याचा पाय खोलात. याचा अभ्यास १९७५ साली हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी केला होता. त्यांनी काही विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक दिलं आणि मग चव सांगण्यासाठी आइस्क्रीम पुढे ठेवलं, हवं तेवढं खा म्हणाले. ज्या मुली एरवी खाण्यावर ताबा ठेवत नव्हत्या त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं, साहजिकच आहे. ज्या सतत खाणं आवरून धरत होत्या, त्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर उलट जास्त खाल्लं. आजचा दिवस बिघडलाच, असा हिशोब मनाने केला की पोटाचं सांगणं ऐकूच येत नाही. आपल्याकडे लग्नसराईत हे दिसतं. एक जिलबी पानात पडली की महिन्याचा निश्चय त्या पंगतीतच विरघळतो, आणि दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून नुसतं ताक.

नावाचाही परिणाम होतो. २०११ मध्ये अमेरिकेत आलिया क्रम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४६ जणांना दोन वेगवेगळ्या दिवशी मिल्कशेक दिलं. दोन्ही वेळा तेच, ३८० कॅलरींचं. फक्त चिठ्ठी बदलली. एकदा ‘६२० कॅलरी, चंगळ’ अशा अर्थाची, एकदा ‘१४० कॅलरी, समजूतदार’ अशा अर्थाची. भूक वाढवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक रक्तात मोजलं, तर चंगळवाल्या चिठ्ठीनंतर ते झपाट्याने उतरलं आणि समजूतदार चिठ्ठीनंतर जवळजवळ तसंच राहिलं. माणसं थोडी होती, त्यामुळे एका प्रयोगावर फार इमले बांधू नयेत. पण ‘हे माझं कमी कॅलरीचं बिचारं जेवण’ अशा मनाने जेवणाऱ्याला तृप्ती उशिरा का येते, याचा काही धागा त्यात सापडतो. आपल्या आज्या वाढताना “पोटभर जेव गं” म्हणायच्या, ते उगीच नव्हतं असं आमच्यातल्या ज्येष्ठ ताई म्हणाल्या. बाकीच्यांनी त्यावर वाद घातला नाही.

सगळ्यांत जास्त वेळ आम्ही थांबलो तो मिनेसोटाच्या प्रयोगापाशी. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं, युरोपात लाखो माणसं उपाशी होती, आणि त्यांना पुन्हा कसं खाऊ घालायचं हे कुणाला नीट ठाऊक नव्हतं. तेव्हा १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ तरुण स्वयंसेवक निवडले. सगळे निरोगी, युद्धात शस्त्र उचलायला तत्त्वाने नकार देणारे, म्हणजे मनाने खंबीर. चोवीस आठवडे त्यांना अर्धपोटी ठेवलं, दिवसाला साधारण १५७० कॅलरी, आणि आठवड्याला बावीस मैल चालणं. नीट वाचा, १५७०. आपल्या गटावर ज्याला ‘भरपूर’ म्हटलं जातं त्याहून हा आकडा मोठाच आहे. अर्थात ते धडधाकट पुरुष होते आणि त्यांची गरज याच्या जवळपास दुप्पट होती, तेव्हा आकड्याला आकडा लावू नये. लक्ष द्यायचं ते त्यांच्या मनाचं काय झालं त्याकडे. ज्यांना कधी स्वयंपाकात रस नव्हता ते पाककृतींची पुस्तकं वाचू लागले, जमवू लागले. ताटं चाटून पुसू लागले. जेवण तासन्‌तास पुरवून खायचे. गप्पा फक्त खाण्याच्या, स्वप्नंही खाण्याची. चिडचिड, उदासी, मित्रांत मिसळणं बंद. आणि पुन्हा खायला मिळू लागल्यावरही कितीतरी जणांची भूक बरेच महिने भागेना.

हे वाचून आमच्यातल्या एका वहिनींनी सांगितलं की त्यांची बहीण दिवसभर मोबाइलवर केकचे व्हिडिओ पाहते, घरच्यांसाठी रोज नवं काहीतरी करते आणि स्वतः चमचाभरही चाखत नाही. घरात सगळे कौतुक करतात, काय निग्रह आहे म्हणून. मिनेसोटाचं वाचल्यावर त्यांना ते कौतुक पटेनासं झालं.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर अभ्यास कसला. खाल्लेलं लिहून ठेवल्याने वजन कमी करायला मदत होते, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. २००८ मध्ये अमेरिकेत सुमारे १७०० जणांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, रोज लिहिणाऱ्यांचं वजन न लिहिणाऱ्यांच्या दुप्पट उतरलं. आमच्या पंधरा दिवसांतही उपयोग झाला. एका दादांचं, आमच्यातल्याच एकीचे यजमान, दिवसाला सहा चहा. प्रत्येकी दोन चमचे साखर म्हणजे बारा चमचे, २४० कॅलरी, तीन छोट्या पोळ्यांएवढ्या. त्यांना बायकोने वीस वर्षं सांगून जे पटलं नव्हतं ते काट्याने एका संध्याकाळी पटवलं. मधुमेहाच्या पहिल्या प्रकारात तर मुलांना इन्सुलिनचा डोस ठरवण्यासाठी जेवणातली कर्बोदकं मोजावीच लागतात. ती मोजणी औषधाचा भाग आहे. हा लेख वाचून कुणीही डॉक्टरांनी सांगितलेलं मोजणं बंद करू नये, ही कळकळीची विनंती.

मोजणाऱ्या प्रत्येकाचं मन बिघडतं असंही नाही. महाविद्यालयीन मुलींना महिनाभर अ‍ॅप वापरायला लावून पाहिलं, तेव्हा ज्यांना खाण्याच्या आजाराचा धोका आधीच कमी होता त्यांच्यात तो वाढलेला दिसला नाही. पण २०१७ च्या एका अभ्यासात, ज्यांना खाण्याच्या आजाराचं निदान झालेलंच होतं अशा १०५ जणांना विचारलं, तेव्हा सुमारे ७५ टक्के एक लोकप्रिय कॅलरी-अ‍ॅप वापरत होते, आणि त्यांतल्या ७३ टक्क्यांना वाटत होतं की आजार वाढायला त्या अ‍ॅपचा हातभार लागला. दोन्ही एकत्र वाचलं तर आम्हाला असं समजलं: ज्याला शनिवार-रविवारी नोंद करायचा विसर पडतो, त्याला विशेष धोका नाही. जिला नोंद केल्याशिवाय झोप येत नाही, तिच्याकडे लक्ष द्यायला हवं. आणि फोनला या दोघांतला फरक कळत नाही. जी आधीच कमी खाते आहे, तिलाही तो रोज रात्री शाबासकी देतो.

आता आपल्या घरांकडे. हा भाग लिहायचा की नाही यावर आमच्यात बोलणं झालं, पण लिहायलाच हवं असं ठरलं.

आपल्याच परिवारातलं एक घर आहे, गाव सांगत नाही. मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. आधी गुरुवारचा उपवास धरला, घरात आनंद झाला. मग सोमवार. मग शनिवार. एकादशी आणि चतुर्थी आल्याच. आजीने सत्संगात अभिमानाने सांगितलं, या वयात केवढी श्रद्धा. उपवासाच्या दिवशी ती अर्धं केळं आणि ताक घ्यायची, साबुदाण्याला हात लावायची नाही, जड होतं म्हणायची. महाप्रसादाच्या दिवशी वाढायला सगळ्यांत पुढे, पण पंगतीत बसायची वेळ आली की दिसायची नाही. प्रसादाचा पेढा कागदात बांधून घ्यायची. चार महिने पाळी आली नाही, केस मुठीने गळू लागले, भर उन्हाळ्यात स्वेटर घालून बसू लागली, तेव्हा आई तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. फोनमध्ये रोजची मर्यादा होती ८००. आईने हे लिहायला आम्हाला परवानगी दिली आणि एक वाक्य सांगितलं: “भूक लागली की तिला आनंद व्हायचा, म्हणजे आजचा आकडा जमला.” मुलगी आता उपचार घेते आहे आणि सुधारते आहे.

यात उपवासाचा दोष नाही. खरं तर उपवासात आणि या मोजण्यात एक मोठा फरक आहे. उपवासाला दिवस ठरलेला असतो आणि पारणं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आपण सगळे मिळून जेवतो आणि तो विषय संपतो. अ‍ॅपला पारणं नाही. तिथे रोज नवी मर्यादा, रोज नवी कसोटी, आणि सगळं एकटीने. पण आपल्यासारख्या घरांत न खाण्याला पुण्याचा मान आहे, त्यामुळे आजार उपवासाची शाल पांघरून घरात येतो आणि आपण त्याला पाट मांडतो. दुसऱ्या कुठल्या घरात मुलगी तीन-तीन दिवस नीट जेवली नाही तर लगेच विचारपूस होईल. आपल्याकडे तिला नमस्कार होतो. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याला योग साधत नाही असं म्हटलं आहे, तसंच अजिबात न खाणाऱ्यालाही साधत नाही असं म्हटलं आहे. पहिल्या भागावर आपण बरंच बोलतो, दुसरा घाईघाईत जातो.

म्हणून घरातल्या मोठ्यांनी डोळे उघडे ठेवावेत. उपवासांची संख्या वाढत चालली आणि त्यामागे काही संकल्प, काही गोष्ट सांगता येत नाही. ताट समोर आल्यावर आधी फोन, आणि फोन हाताशी नसेल तर अस्वस्थता. ‘मी बाहेर खाऊन आले’ हे वाक्य वारंवार. जेवण झाल्यावर लगेच बाथरूम, किंवा लगेच जिने चढणं-उतरणं. दिवसातून तीनदा वजन. पाळी चुकणं, चक्कर, हातपाय गार. एखादी खूण दिसली म्हणजे आजारच असं नाही, पण दोन-तीन एकत्र आल्या तर थांबू नका. आणि हे फक्त मुलींचं नाही. जिमला जाणारे मुलगे प्रथिनांचे ग्रॅम मोजता मोजता आईच्या हातचं वरण-भात खायचे बंद झाले आहेत, अशी दोन घरं आम्हालाच माहीत आहेत. पन्नाशीतल्या आपल्यासारख्या बायकाही यातून सुटलेल्या नाहीत. पाळी जाताना वजन वाढतं, आणि मग जी घाई होते ती कॉलेजच्या मुलीसारखीच असते.

बोलायचं कसं? त्या आईला डॉक्टरांनी सांगितलेलं असं की ताटावर भांडण नको. फोन हिसकावून घेऊ नका, ‘दोन घास खा, माझी शपथ’ म्हणू नका. जेवणाची वेळ सोडून, शांतपणे, ‘तू हल्ली थकलेली दिसतेस, काळजी वाटते’ एवढंच म्हणा आणि ऐका. वजनाबद्दल, चांगलं किंवा वाईट, काहीच बोलू नका. सुधारत असलेल्या मुलीला ‘अंग धरलंस हं आता’ म्हटलं तर आठवडाभराची मेहनत पाण्यात जाते. आधी घरच्या डॉक्टरांना दाखवा, ते सांगतील तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला संकोच करू नका. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते. घरच्यांनीही तिथे फोन करायला हरकत नाही.

ज्यांना मोजून पाहायचंच आहे त्यांच्यासाठी आमच्या अनुभवातून थोडं. आठ-दहा दिवस पुरेत, आणि संपायची तारीख आधी ठरवा. तेवढ्यात तेल, साखर, चहासोबतचं फरसाण कुठे किती जातं ते कळतं आणि हाताला अंदाज येतो. आपला स्वयंपाक अंदाजावरच चालतो, आणि तो अंदाज पिढ्यान्‌पिढ्या सुधारत आला आहे. त्यानंतर आकडे ठेवण्यापेक्षा साध्या वहीत दोन शब्द लिहा: जेवायला बसताना भूक किती होती आणि उठताना पोट कसं होतं. आमच्यापैकी तिघी हे अजून करतात. वाढत्या वयाच्या मुलांना, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना, आणि ज्यांना पूर्वी खाण्यावरून त्रास झाला आहे त्यांना मात्र मोजायला लावू नये. डॉक्टरांनी सांगितलं तरच, आणि त्यांच्याच देखरेखीखाली.

गटांसाठी आमची एक सूचना आहे. कुटुंब-गटांवर वजनाचे आणि कॅलरीचे आकडे टाकणं बंद करावं. साखर, रक्तदाब हे ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांना सांगावं. ताटाचे फोटो खुशाल टाका, खाली भाजी कशी केली ते लिहा. उत्सवात वाढणाऱ्या सेवेकऱ्यांनी कुणाच्या अंगाकडे पाहून “बारीक झालीस, छान” किंवा “तुला एकच पुरे” असं म्हणू नये, आणि वाढणाऱ्यांची पंगत शेवटी बसते तेव्हा सगळे बसले आहेत ना, हे एका ताईने नावानिशी पाहावं. इथल्या केंद्रात आम्ही हे गेल्या पौर्णिमेपासून सुरू केलं आहे. बेळगाव, इंदूर, बडोदा आणि इतर ठिकाणच्या मंडळींना काय वाटतं ते पुढच्या गुरुवारपर्यंत आपापल्या गटप्रमुखांकडे कळवा. वर्गाचा काटा सध्या काचिगुड्याच्या ताईंकडे आहे. हैदराबादच्या ज्यांना हवा असेल त्यांनी दहा दिवसांसाठी न्यावा, आणि दहाव्या दिवशी परत आणून द्यावा.